मुलीला संघाबाहेर का ठेवलं

गेल्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात पुन्हा तीच गोष्ट सांगितली गेली. वशिल्याचा आरोप नको म्हणून गुरुजींनी स्वतःच्या मुलीला खो-खोच्या संघातून वगळलं. टाळ्या पडल्या. मी शाल-नारळ घेतला, माईकवर नुसते आभार मानले आणि मान खाली घालून बसलो, तर लोकांना तो विनय वाटला. वैताग आलाय मला या गोष्टीचा. ती खोटी आहे आणि मीच ती इतकी वर्षं चालू दिली.

मी मराठी माध्यमाच्या वर्गांना गणित शिकवायचो आणि संध्याकाळी मुलींचा संघ घडवायचो. बायकोही शिक्षिका, पण तिची नेमणूक भैंशाजवळच्या एका गावात. ती शनिवारीच घरी यायची. शाळकरी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे. वर्गात घराची काळजी, घरी तपासायचे पेपर, आणि मैदानावर तोंडात शिट्टी असताना आठवायचं की चुलीवर भात तसाच राहिलाय. कुठलंच काम धड होत नव्हतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत मैदान ओस पडायचं. आया शेतात, म्हणून मुली घरी धाकट्यांना सांभाळायच्या. मी दारोदार जाऊन बापांशी भांडायचो, लेकराची दुसरी सोय करा, पोरीला खेळू द्या. एकाने सुनावलं, “गुरुजी, तुमाले पगार हाय, तुमची सोय होते. आमी लेकरू काय बैलाच्या गळ्यात बांधू?” तरी त्याने मुलगी पाठवली.

पुढे मंचेरियलला सामने ठरले. संघासोबत मलाच जावं लागणार होतं. बायकोला रजा मिळेना. शेजारीण रात्री सोबतीला यायला तयार होती, पण दिवसा तीही वेचणीला जायची. मग मी मुलीला घरी ठेवलं, भावाला सांभाळायला. खरं कारण कळलं असतं तर ते सगळे बाप मला हसले असते. म्हणून तिला सांगितलं, तुझा पाय मंद आहे, पुढच्या वर्षी बघू. पहिल्याच सामन्यात आम्ही हरलो. गावाने ती हार माझ्या तत्त्वाची किंमत मानली. मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही.

गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमाला ती हल्ली राहते त्या मावल्याहून आली होती. घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती शालीची घडी घालत होती.

“बाबा, मी आजवर समजत होती का मी मंदच हाय,” ती म्हणाली. “आता मले एकटीले काऊन सांगून राह्यले? माईक तं तुमच्याच हातात होता.”

शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडून निःपक्षपातीपणावर लेख मागितलाय. त्याऐवजी हेच पाठवतो आहे. त्या संघात सगळ्यात चपळ माझी मुलगी होती.