मी बंद केलेला डोंगर

मी एक अख्खा डोंगर बटण दाबून बंद केला आहे. तोही बायकोचा!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत लिंबायतला आमची एकच खोली. धुळ्याहून लग्न होऊन आल्यापासून सुनंदानं सुरत पाहिली ती नळापासून बाजारापर्यंत. (रविवारी मी झोपायचो. थकलेला असायचो हो!) दिवाळीत तिचा भाऊ टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवडाभर ठेवून गेला. त्यात एक शिपाई तलवार घेऊन रानोमाळ हिंडायचा. आमच्या बाईसाहेबांनी तलवार एकदाही उपसली नाही. राक्षस दिसला की वाट बदलायची आणि चालत राहायचं.

"अगं, मार ना त्याला!"

"त्यानं माझं काय घोडं मारलंय? मला त्या डोंगरापलीकडे जायचंय."

"काय आहे तिकडे?"

"माहीत असतं तर कशाला गेले असते? इथे पाहिजे तिकडे वळता येतं. कुठे निघाली म्हणून कोणी विचारत नाही."

मी हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं.

बंद केला की गेम पुन्हा पहिल्या झाडापाशी यायचा, म्हणून तो चार दिवस अखंड चालू! डोंगर अगदी जवळ आला होता. पाचव्या दिवशी ती नळावर गेली आणि मी कारखान्यातली पाळी संपवून घरात शिरलो. आता, यंत्रमागावर पहिला धडा एकच: माणूस नसलेला माग चालू दिसला की आधी बंद कर, मग विचार कर. इथे मशीन चालू, माणूस नाही! हात आपोआप बटणावर गेला. विचार नंतर आला, तोही सुनंदा हंडा घेऊन दारात उभी राहिल्यावर.

"हाई काय करं तुम्ही?" चिडली की ती थेट अहिराणीत यायची. मग एकदम रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं. तिचं चार दिवसांचं फिरणं मी क्षणात पुसलं होतं.

"थांब, मी नेतो तुला," म्हणत मी बसलो. ती स्टोव्हपाशी पाठ फिरवून बसली. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "विहिरीपाशी डावीकडे." मग, "पुलावरून नको, फसवा आहे तो." असं करत करत ती शेजारी येऊन बसली.

वाट तिला पाठ होती, म्हणून संध्याकाळीच आम्ही माथ्यावर! पलीकडे निळं पाणी, त्यापलीकडे आणखी डोंगर. दहा बाय दहाच्या खोलीतून इतक्या लांबवर मी कधी पाहिलं नव्हतं.

"बघ, आणलं की नाही!" म्हणत मी तिच्याकडे वळलो. अंगठा मात्र दाबलेलाच राहिला. शिपाई कड्यावरून खाली. पुन्हा पहिलं झाड!

सुनंदा पोट धरून हसली. "सरका! तुम्हाला धड चालतासुद्धा येत नाही."

रोज बारा तास मागांमधून चालणारा माणूस मी! पण आजवर पोचलो कुठे होतो! सरकलो.