दुकानदार नसलेलं दुकान

किळस येण्याच्या बाबतीत आमच्या तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. चहाच्या कपाच्या काठावर दुसऱ्याच्या ओठांचा डाग दिसला, तर मी चहा टाकून देतो आणि वर कपाला शिव्या घालतो. आणि नेमक्या माझ्याच हातात एका उन्हाळ्यात तो डबा आला.

डबा म्हणजे डोळ्यांवर चढवून मागून पट्ट्याने आवळायचा जाड, काळा चष्मा. आतून रबर. त्या रबरावर आधीच्या लोकांचं खोबरेल तेल, घाम, पावडर आणि कुणाच्या तरी कपाळाचं कुंकू, सगळं एकत्र नांदत होतं. वास असा, की ओल्या गोणपाटात पाल मरून पडली असावी. आणि हे माझ्या दादाच्या तोंडावर बांधायचं होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नव्वदच्या दशकापासून गोरेगाव, सेनगाव, हिंगोली अशी त्याची जीप चालायची. आमच्या घरात एक आजार बापाकडून लेकराकडे उतरत आला आहे. आधी हात आपोआप नाचू लागतात, मग डोकं हळूहळू सुटत जातं. आजोबांना होता, वडिलांना झाला. वडील रस्त्याने झोकांड्या खात निघाले, की लोक म्हणत, सकाळीच चढवली. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. आमच्या बापावर हसणाऱ्या त्या तोंडांची मला आजही शिसारी येते.

आता दादाचा खांदा उडू लागला होता. एकदा हिंगोलीहून येताना तो सेनगावचा फाटा सोडून सरळच निघाला आणि मागची माणसं ओरडली तेव्हा थांबला. त्या रात्री वहिनीने मला बोलावलं.

"भाऊजी, एकदा तपासून आणा ह्यायला. डोकं बराबर आसलं त चालवू द्या गाडी. नसलं त किल्ली माझ्या हातात आणून द्या. लोकायची लेकरं बसत्यात त्या जीपमंदी."

दादा आतून ओरडला, "चला, व्हऊनच जाऊ द्या! डाक्टरनं बराबर म्हणलं, की मंग कोणी बोलायचं न्हाई."

तेव्हा मोठ्या शहरातली एक डॉक्टरीणबाई अशा घराण्यांची तपासणी करायला हिंगोलीला आली होती. जागा एका मंगल कार्यालयाची. कालच्या लग्नातला आंबलेला मठ्ठा कोपऱ्यात तसाच, त्यावर माशा. आमच्यासोबत मामा आले होते, फुकटात गंमत बघायला मिळते म्हणून.

बाईंनी समजावून सांगितलं. डबा डोळ्यांवर चढवला की समोर एक खोटं दुकान दिसतं, आपण त्यात उभे आहोत असंच वाटतं. हातातल्या दांडीने पुढे जायचं, बटण दाबून वस्तू उचलायची. माणूस काय विसरतो, कुठे वाट चुकतो, हे संगणक टिपत राहतो. "नुसते प्रश्न विचारून जे कळत नाही, ते यात लवकर कळतं," बाई म्हणाल्या. दादाला त्यांनी तीन वस्तू सांगितल्या: साखर, चहापत्ती, साबण.

मी रुमालाने रबर पुसलं, रुमाल फेकून दिला आणि दादाला डबा बांधला.

दादा उभा राहिला, तो उभाच. दांडी दोन्ही हातांत धरलेली, मान थोडी वाकलेली. बराच वेळ गेला.

"काहून थांबला रे? झोपला काय?" मामा खिदळले.

बाईंचा चेहरा उतरला. हळूच मला म्हणाल्या, "त्यांना सुरुवातच करता येत नाहीये."

तेवढ्यात डब्याआडून दादाचा आवाज आला. "बाई, दुकानदार कुठं गेला?"

"दुकानदार नसतो यात. आपणच उचलायचं."

"मालक न्हाई अन् मालाला हात लावू? चोर हाय का मी?"

मी आनंदाने टाळीच वाजवली. आमच्याकडे गिऱ्हाईक फळीबाहेर उभं राहून मागतं आणि दुकानदार काढून देतो. त्या मशीनवाल्यांनी अख्खं दुकान रचलं, दिवे लावले, आणि गल्ल्यावर बसायला माणूस ठेवला नाही! असलं ओंगळ दुकान मी पाहिलं नव्हतं.

"बाई, दुकान खोटं आहे ना? मग खोटा दुकानदार मी होतो," असं म्हणून मी खुर्ची ओढली, मांडी घातली आणि जाड आवाज काढला. "या, या पावणं! काय देऊ?"

दादाचा खांदा सैल झाला. "साखर द्या, शेठजी."

"समोरच हाय, घ्या."

त्याने बटण दाबलं. मी बाईंकडे विजयाने पाहिलं. "अजून काय देऊ?"

"साखर द्या."

"साखर झाली की पावणं! पुढचं बोला."

"व्हय, व्हय." तो थांबला. "साखर द्या."

"जिलबीचा घाणा लावतो काय लेका?" मामा म्हणाले. कुणी हसलं नाही.

"आता दुकानाबाहेर या," बाईंनी सांगितलं. दादा जागच्या जागी वळला, परत वळला. "दार तर हितंच व्हतं," तो पुटपुटला. त्याच्या मोकळ्या हाताची बोटं हवेत नाचत होती, वडिलांसारखी.

मी शेठजीची मांडी मोडली. मी उठून डबा काढला. त्याच्या तोंडावर रबराचं लाल वर्तुळ उमटलं होतं. बाईंना त्याने काहीच विचारलं नाही, मला विचारलं.

"मी साखरच मागून राहिलो व्हतो का रे?"

"व्हय, दादा."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घरापस्तोर कशाला? हितूनच चालव."

निघताना बाईंनी तोच डबा माझ्यापुढे धरला. "तुम्हीही करून घेता का? वडिलांचा आजार तुमच्यातही उतरलेला असू शकतो."

"शी! ते तेलकट रबर मी तोंडाला लावू?" मी म्हणालो. बाईंनी डबा तसाच पुढे धरून ठेवला. मी चटकन बाहेर पडलो.

परतीच्या वाटेवर दादा पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला आणि दर गिअरला बाहेर थुंकला. "थू! गाडी चालवून राहिला का भाकऱ्या थापून राहिला?"

मग एकाएकी त्याने माझा दंड घट्ट धरला. समोर सेनगावचा फाटा होता.

"आला फाटा. वळव," तो म्हणाला. "अन् घरी सांगजो, म्या सांगितलं म्हणून वळला."