गार्डमामांची गाडी

गार्डमामांचा एक पाय गाडीच्या पायरीवर आणि दुसरा फलाटावर असायचा. त्यांचं खरं नाव आम्हा पासवाल्यांपैकी निम्म्यांना माहीत नव्हतं. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रेल्वेशी त्यांचा संबंध महिन्याच्या पासापुरता. पण खरा गार्ड झेंडी दाखवण्याआधी मामांकडे बघायचा आणि मामांनी मान हलवली की गाडी सुटायची. निदान आम्हाला तसं वाटायचं. मामांना तर त्याबद्दल शंकाच नव्हती.

वैजापूरकडून शहराकडे येणाऱ्या लाइनीवर आमचं एवढंसं स्टेशन. सकाळच्या त्या पॅसेंजरवर कंपनीतले कामगार, नर्सबाई, दुकानातली पोरं, सगळ्यांची पोटं अवलंबून. त्यामुळे एक पद्धत पडून गेली होती. मामांना एक मिस कॉल म्हणजे घरून निघालो, दोन म्हणजे फाटकापाशी पोहोचलो. दोन आले की मामा पाय खाली सोडून मागं ओरडायचे, "साहेब, एक माणूस ऱ्हायलंय! रोजचंच हाय!" गार्ड दोन-तीन मिनिटं सोसून घ्यायचा. धापा टाकत आलेल्याला मामा काखेत हात घालून वर ओढायचे आणि डब्यात येऊन त्याला सगळ्यांदेखत झापायचे. झापण्यात माया इतकी असायची की काही जण मुद्दाम उशिरा येत असावेत.

एसटीला मामांच्या लेखी किंमत नव्हती. मोटारसायकलवाल्यांचा तर त्यांना रागच. "लाइन एकच हाय, पर ती कुणाला फसवत नाय," असं ते म्हणायचे. लाइन खरंच एकेरी होती, आणि समोरून एक्स्प्रेस आली की आम्हाला बाजूला उभं करून ठेवायची. त्या वेळेत मामा डब्यातल्या नर्सबाईंची परीक्षा घ्यायचे. मामांच्या लेकीचं, पल्लवीचं, पुस्तक त्यांच्या पिशवीत असे. "शरीरात हाडं किती? दोनशे सहा. मग दाताला हाड म्हनायचं का नाय?" बाई हसायच्या, पण उत्तर द्यायच्या. मामा ते पेन्सिलनं समासात लिहून संध्याकाळी पोरीला नेऊन द्यायचे.

पल्लवी ही त्यांची एकुलती एक. नर्सिंग झालेलं, वैजापुरात एका खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबत होती. सरकारी भरतीत दोनदा थोडक्यात हुकली होती. तिसऱ्या खेपेनंतर वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे ही शेवटचीच. केंद्र शहरात होतं. आदल्या दिवशीच जाऊन राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. मामांनी ऐकलं नाही. "आपली गाडी हाय की. तासभर आधी पोचतो."

त्या सकाळी उशिरा येणारा माणूस मी होतो.

मी शहरात एका कॉलेजात कारकून. मामा मला सर म्हणायचे. त्या दिवशी मी स्टेशनच्या रस्त्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. गरम भजी उतरत होती आणि सरपंचाच्या निवडणुकीवरून वाद रंगात आला होता. गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा मी चहाचा दुसरा कप हातात घेऊन, बाकावरूनच मामांना दोन मिस कॉल दिले. फाटक अजून दूर होतं. मामा आहेत, गाडी कुठं जाते, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

मी पोहोचलो तेव्हा मामांचा पाय फलाटावर होता आणि दारात पल्लवी बापाला म्हणत होती, "दादा, सोडा ना आता. बास झालं."

"रोजचं माणूस हाय, बाळा. सर कधी उगा उशीर करत नायत."

मला वर ओढून त्यांनी विचारलं, "काय झालं सर?" भज्यांचा वास येऊ नये म्हणून मी तोंड बाजूला केलं आणि म्हणालो, "आईला चक्कर आली." का म्हणालो? तोंडात आलं म्हणून. पल्लवी लगेच सरकली, मला जागा दिली आणि आईचं बीपी विचारू लागली.

पुढच्याच स्टेशनावर आम्हाला बाजूच्या लाइनीवर घेतलं. रोज आम्ही एक स्टेशन पुढं गेल्यावर क्रॉसिंग व्हायचं. माझ्यासाठी गेलेल्या जास्तीच्या मिनिटांनी ती संधी गेली होती. आधी एक्स्प्रेस, मग तिच्यामागून मालगाडी. तासाच्या वर आम्ही तिथं उभे होतो. मामा स्टेशन मास्तरपुढं हात जोडून आले. मग रूळ ओलांडून रस्त्याकडं धावले, पण तिथं ना रिक्षा ना जीप. ज्या मोटारसायकलींचा त्यांना राग, तशी एखादी दिसते का म्हणून ते रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत राहिले. पल्लवी मांडीवर हॉल तिकीट धरून बसली होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा गेट बंद झालेलं होतं, आणि ते कुणीही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या डब्यात होते. दारात नाही, आत, खिडकीशी. मला बघून म्हणाले, "माय कशी हाय आता?" मी म्हणालो, "बरी आहे." पुढं गाडी कुणासाठी धरली गेली नाही. ज्यांची चुकली, त्यांनी "मामा माजले" असंही म्हणून घेतलं. मी ऐकून घेतलं. खरं कारण सांगण्याएवढीसुद्धा लाज माझ्यात उरली नव्हती.

महिन्याभरानं ते आवळे घेऊन आमच्या घरी आले. चक्करेवर चांगले असतात म्हणे. आई अंगणात मेथी निवडत होती. मामांनी वाकून विचारलं, "माय, चक्कर येती का अजून?"

"मला? मला कशाची चक्कर आलीय बाबा? उभ्या जल्मात नाय आली. तुमाला कुणी सांगितलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आईला म्हणाले, "बरं झालं माय. अशीच ठणठणीत ऱ्हा." आवळे ओट्यावर ठेवले आणि निघाले. मी मागं धावलो, काय बोललो ते आठवत नाही, माफीचेच शब्द असतील. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

"पल्लवीला सांगू नका, सर. तिला वाटतंय, म्हाताऱ्या मान्साच्या जिवासाठी गेलं. तेवढंच हाय तिच्यापाशी."

त्या दिवसापासून ते दुसऱ्या डब्यात बसू लागले. पल्लवीला पाचोडला दिली. तिनं पुस्तकं रद्दीत घातली, असं नर्सबाईंकडून कळलं. पुढं मामांचं काम सुटलं, आणि मग ते गाडीवर दिसेनासे झाले.

यंदा मामा गेले. मी मातीला गेलो आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. परतताना पल्लवी समोर आली. डोळे सुजलेले, कडेवर पोर. मला ओळखून तिनं पदर सावरला.

"सर, तुमच्या आई कशा आहेत? पुन्हा चक्कर नाय ना आली?"

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा वेळेवर औषध मिळालं, म्हणून वाचली."