कमरेच्या मापाची काठी

काठी कशी असावी, हे श्रीमंत सुताराला कुणी विचारलं नाही तरी तो सांगत असे. माणूस ताठ उभा राहिला, हात सैल सोडला, की मनगटाशी मूठ यावी. बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही. पारनेरच्या बाजूच्या चार गावांतली म्हातारी माणसं त्याच्याच काठ्यांवर चालत होती. औत असो, पेरणीची पाभर असो की दाराची चौकट, जे करील ते देखणं करील अशी त्याची ख्याती. आणि आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला बापजन्मी खपलं नव्हतं.

त्याचा थोरला भाऊ कारभारी. विहिरीच्या कामावर सुरुंग उशिरा उडाला आणि त्यानं कारभारीचे दोन्ही डोळे नेले. बायको आधीच वारलेली, पोरबाळ नाही. श्रीमंतानं त्याला आपल्या घरी आणला. श्रीमंताच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, दिराच्या ताटात कधी दुजाभाव केला नाही. पण उंबऱ्याबाहेर पडायचं तर पुढं कुणीतरी हवं. काठीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं पुढच्याच्या हातात.

"कासरा धरून बैल न्यावा तसं नेत्यात मला," तो एकदा मुक्ताबाईला म्हणाला. खोटं थोडंच होतं.

पुढं कळलं, की आंधळ्यांना चालायला शिकवणारी एक संस्था पुण्यात आहे. कारभारी हट्टानं तिथं जाऊन राहिला. परतला तो एसटीतून एकटाच उतरला, हातात पांढरी, पोकळ, अ‍ॅल्युमिनियमची काठी. चांगली छातीला लागेल एवढी. ही टेकायची नव्हतीच. ती पुढं धरायची आणि जमिनीवर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं टेकवत जायचं. पाऊल जिथं पडणार तिथं काठी आधीच जाऊन आलेली असते.

गावानं हसून घेतलं. "कारभारी, कुनाचा तंबू उपटून आनलास रं?" असं पारावर विचारलं जायचं. कारभारीही हसायचा आणि टक्-टक् करत पुढं निघायचा. ते दुष्काळाचं साल. सारं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. दगड चाचपून हातोडा मारायला डोळे कशाला लागतात? कारभारीचंही नाव लागलं. सकाळी एकटा जायचा, संध्याकाळी धुळीनं माखून एकटा यायचा, मजुरांना खायला मिळणारी सुकडी मुक्ताबाईच्या हातात ठेवायचा. गाव वाळत चाललं होतं आणि हा गडी मात्र त्या साली हिरवा झाला होता.

श्रीमंताला सलत होतं ते वेगळंच. सुताराच्या घरातला माणूस आणि त्याच्या हातात असली बेढब नळी! लोक हसतात ते भावाला नव्हे, आपल्याला हसतात, असं त्यानं मनाशी धरलं. बाजारच्या दिवशी काम बंद होतं. दुपारी कारभारीचा डोळा लागलेला बघून त्यानं ती काठी उचलली, लोखंड कापायची करवत लावली आणि कमरेच्या मापाला कापली. वर शिसवाची मूठ बसवली. मुठीला राघूची चोच काढली, पॉलिश केलं. उरलेली नळी चुलीला फुंकणी म्हणून बायकोला दिली. हौसेनं केलं सगळं, आणि हौस आंधळी असते हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

कारभारी उठला. काठी हातात घेतली, टोकापासून बोटं वर सरकवत नेली. मुठीपाशी हात थांबला.

"मूठ लई झ्याक केलीस, श्रीमंता," मग तो म्हणाला.

श्रीमंताची छाती फुगली.

त्यानंतर कारभारी वाकून चालू लागला. टक्-टक् मंदावली. "भावजी असं का चालत्यात वो?" मुक्ताबाईनं विचारलं. "वय झालं त्याचं," श्रीमंत म्हणाला आणि रंधा मारत राहिला.

थोड्याच दिवसांत कामावरच्या लोकांनी रस्त्याखालच्या मोरीसाठी वाटेत आडवा चर खणला. कारभारी त्यात पडला. मांडीचं हाड मोडलं. बैलगाडीत घालून, मग ट्रकमध्ये घालून त्याला नगरला दवाखान्यात नेलं. गाव म्हणालं, आंधळं माणूस, पडायचंच. श्रीमंतही तसंच म्हणाला, पण त्याला घास जाईना.

तो ती काठी घेऊन चरावर गेला. डोळे घट्ट मिटले आणि भावासारखा चालू लागला. टोक खाली गेल्याचं हाताला कळलं तेव्हा पाऊल काठावरून सुटलेलं होतं. तो तोंडावर आपटला. खडी फोडणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. त्यानं धूळही झटकली नाही. एक लांब बांबू मागून घेतला, पुन्हा डोळे मिटले. या वेळी टोक आधी खाली गेलं आणि पाऊल काठाच्या अलीकडं थांबलं. एवढंच होतं ते. गणपती करायला गेला आणि मारुती झाला म्हणतात. पण मारुतीला तरी लोक शेंदूर लावतात. यानं भावाचे पुण्याहून आणलेले डोळे कापले होते.

दवाखान्यात खाटेशी बसून तो म्हणाला, "दादा, म्या काठी तोडली म्हनून तू पडलास."

"ठावं हाय."

"कवाधरनं?"

"तू तोडलीस त्याच दिसापासनं."

"मंग बोलला का न्हाईस? दुसरी आनली असती की!"

कारभारीनं तोंड भिंतीकडं केलं. "ज्याच्या घरचं खायाचं, त्याच्या कामाला नाव ठिवायचं व्हय? तू लई हौसेनं केल्ती."

श्रीमंताला वाटलं, यापेक्षा यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपण याला जेवू घालतो म्हणून हा खड्ड्यात गेला, हे त्याला त्या खाटेशी बसून कळलं आणि मान वर करायची सोय उरली नाही.

हाड जुळलं, पण वाकडं. पाय आखूड झाला. श्रीमंतानं पुण्याला जाऊन तसलीच लांब काठी आणली, छातीचं माप सांगून. अंगणात कारभारीनं ती पुढं धरली, एक पाऊल टाकलं आणि सगळा भार आखूड पायावर येताच तो झोकांडला. टेकायला आधार हवा होता आणि ही काठी टेकायची नव्हती. पुन्हा उभा राहिला, पुन्हा झोकांडला. मुक्ताबाई पदर तोंडाशी धरून ओट्यावर उभी होती.

"ही ऱ्हाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "तुझी ती दे."

श्रीमंतानं राघूची मूठ त्याच्या हातात दिली. कारभारीनं तिच्यावर भार टाकला, स्थिर झाला.

"आता मापात बसली बघ," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर श्रीमंतानं सोसला असता.

त्यानं भावाचा मोकळा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं ओट्याकडं निघाले. श्रीमंत आवाज न करता रडत होता. कारभारीला ते दिसण्याची भीती नव्हती. पण खांदा हादरत होता आणि त्यावरचा हात कारभारीचा होता.