एका माणसाची होडी

माझ्या धाकट्या दिराकडे जेवायला गेलं की डोक्यावर होडी असायची. जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, छताला आकडे ठोकून, पट्ट्यांच्या झोळीत टांगलेली. पिवळीधमक, प्लास्टिकची, एका माणसापुरती कयाक. नवे पाहुणे एक डोळा ताटात आणि एक डोळा छताकडे ठेवून जेवत. "पडत नाही ना हो?" असं कुणी विचारलंच तर माझी जाऊ म्हणायची, "अजून तरी नाही. वाढू का आणखी?"

दीर वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि तोही मला 'वहिनी, तू' म्हणतो. त्याच्या खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक होतं, आणि ते जगातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडाच्या उंचीवर नव्हतं. प्रत्येकाला वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस सरळ माणसापेक्षा जास्त चिडलेला असतो. आमचं मीटर पळतं. आमचं मीटर चालतच नाही. शेजाऱ्यांचा दिवा आमच्यापेक्षा जास्त उजेड देतो. दीर सगळं ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. पुढच्या टेबलावर बसणारे गृहस्थ बहुधा रजेवर असत.

घरी आल्यावर कानांना विश्रांती मिळावी, तर तेही नशिबात नव्हतं. माझी जाऊ गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे, आणि तिचा पाय दिवसभर त्यावर असतो. "आरसा बघा. क्लच सोडा. घाबरू नका. घाबरलात तरी चालेल, पण डोळे मिटू नका." असा दिवसभर चाललेला गळा उंबरठ्यावर येऊन बंद पडत नाही. दीर साधा चहा गाळत असला तरी मागून आवाज यायचा, "हळू, हळू, थोडं डावीकडे, आता थांबा." बायको म्हणून ती सोन्यासारखी आहे. एवढंच की तिला गप्प बसलेला माणूस दिसला की तो बंद पडलाय असं वाटतं.

म्हणून रविवारी पहाटे दीर कयाक गाडीच्या टपावर बांधायचा आणि गावाबाहेरच्या तळ्यावर जायचा. तिथे नदी येऊन तळ्याला मिळते आणि तोंडाशी लव्हाळ्यांचं रान आहे. मोटारबोटींचे पंखे त्यात अडकतात, कयाक मात्र सुरीसारखी आत शिरते. त्या होडीत माणूस इतका खाली बसतो की पाणी कोपरापाशी असतं. टिबुकल्या नावाचे छोटे पाणपक्षी हाताच्या अंतरावर बुडी मारतात आणि आपल्याला विसरून भलतीकडेच वर येतात. वल्हं मांडीवर आडवं ठेवलं की त्याच्या दोन्ही टोकांवरून थेंब गळतात आणि बाकी काही होत नाही.

"आणि मासा लागला ना वहिनी," तो मला सांगायचा, "की होडीसकट आपल्याला ओढत नेतो. ज्याला पकडलं तोच आपल्याला फिरवून आणतो."

मी म्हटलं, "अरे, हे तू तळ्याबद्दल सांगतोयस की लग्नाबद्दल?"

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? त्या होडीत दुसऱ्याला बसायला जागाच नाही."

तेवढीच खरी गोष्ट होती. पण ती घरात बोलण्यासारखी नव्हती. आमच्या सासरची एक रीत आहे: मजा म्हणून काही करायचं नाही. करायचं असेल तर आधी त्याचा उपयोग सांगायचा. माझे सासरे दुपारी झोपायचे तेसुद्धा पचनासाठी. त्यामुळे दीर दर रविवारी संध्याकाळी त्या होडीखाली बसून तळ्याचे गुण गायचा. कंबर मोकळी होते. रक्तदाब उतरतो. संयम वाढतो. पुरावा म्हणून मासा दाखवावा, तर त्या तळ्यावर पकडलेला मासा मोजून परत सोडायचा नियम. हात रिकामे असल्यामुळे तोंड जास्त चालवावं लागे. पाण्यावरचं धुकं काय, उन्हाची तिरीप काय, बगळ्याचं ध्यान काय! खिडकीवर दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस रविवारी कीर्तनकार व्हायचा. शेवटी म्हणायचा, "तू एकदा बघायला हवंस." हे तो बायकोला म्हणायचा, आणि ती गाडी शिकायला येणाऱ्यांची वेळापत्रकं लावत "हं" म्हणायची.

आयुष्यभर तक्रारी ऐकलेल्या माणसाला एक साधी गोष्ट कळायला हवी होती. ज्या वस्तूबद्दल माणूस कुरकुर करतो ती त्याच्याकडून कुणी मागत नाही. त्याने नुसतं म्हणायचं होतं, फार डास आहेत, पाठ धरते, काही खरं नाही. जन्मभर कुणी त्या होडीकडे बघितलं नसतं.

तो निवृत्त झाला त्या आठवड्यात त्यांची लेक माहेरी आली. मायलेकींनी काय ते ठरवलं होतं. दीर निरोपाचा हार गळ्यात घालून घरी आला, तर टेबलावरचं छत मोकळं आणि अंगणात एक लांबलचक निळी कयाक. दोन माणसांची.

"बाबा, आता आई पण येणार!" लेक म्हणाली.

"आणि जुनी?" दिराने विचारलं.

"दुकानदाराने परत घेतली की! आता तुम्हाला ती काय करायची?"

दिराने होडीला एक चक्कर मारली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "छान आहे," तो म्हणाला. लेकीला वाटलं, बाबांना भरून आलंय. आलंच होतं.

पहिल्या रविवारी मीही गेले, घडीची खुर्ची घेऊन काठावर बसायला. दुकानदाराने सांगितलं होतं की दोघांच्या कयाकमध्ये दिशा मागचा माणूस ठरवतो. हे कळल्यावर मागे कोण बसणार हा प्रश्नच उरला नाही.

"याला आरसा कुठाय?" जावेने बसल्याबसल्या विचारलं.

"आरसा नसतो."

"मग मागून कुणी आलं तर? बरं, चला. दोन्ही हात वल्ह्यावर. घाबरू नका."

पाण्यावरून आवाज दूरवर जातो. मला काठावर शब्द न् शब्द ऐकू येत होता, तर माशांना आला नसेल असं म्हणवत नाही. लव्हाळी जवळ आली तशी ती ओरडली, "अहो, समोर, समोर, ब्रेक!" आणि पाय ठेवायच्या खाचेवर तिने असा काही पाय दाबला की होडी डगमगली. टिबुकल्यांनी बुडी मारली त्या पलीकडच्या काठालाच निघाल्या. दिराने गळ टाकला की मागून "थोडा उजवीकडे हवा होता". गळ हलला की "सोडा, सोडा, आता धरा". परत आली तेव्हा जाऊ तिशीतल्या बाईसारखी दिसत होती. "ताई, काय सुख आहे हो! हे इतकी वर्षं उगाच नाही सांगत होते." दीर दिसत होता ऑफिसातून आल्यासारखा.

आठवड्यात तो माझ्याकडे आला. स्वयंपाकघरात बसला, पाण्याचा पेला नुसता फिरवत राहिला.

"वहिनी, तक्रार कशी करतात?"

"मला विचारतोस? जन्मभर ऐकल्यास की."

"म्हणूनच विचारतोय. एकही कुठे पोचलेली पाहिली नाही."

"काय करायची आहे तक्रार?"

"मला एकटं बसायचंय. बस. तिच्यावर राग नाही. पण ते एक तळं गेलं, तर मग मी आता जाऊ कुठे? आता तर घरीच असतो दिवसभर."

पेल्यातलं पाणी त्याने प्यायलंच नाही. मी म्हटलं, "मग हेच तिला सांग. आणि वाकू नकोस, सरळ बसून सांग."

पुढच्या रविवारी मी पुन्हा खुर्ची मांडली. ते दोघे तळ्याच्या मध्यावर होते, तिची शिकवणी चालू होती. एकदम दीर म्हणाला, समोरच बघत, "मला एकट्याला बसायचंय."

वल्हं थांबलं.

"म्हणजे?"

"म्हणजे एकट्याला. मासे पकडताना."

"आणि मग इतकी वर्षं ते धुकं आणि बगळे कुणाला ऐकवत होतात? 'तू एकदा बघायला हवंस' कोण म्हणायचं?"

"ते आपलं... म्हणायची पद्धत असते."

"पद्धत? मला वाटलं, तुम्ही बोलवताय आणि नीट बोलवायला लाजताय. मी तर लेकीलाही तसंच सांगितलं."

तिने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मी जावेला इतकी गप्प कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आता रडणार. पण दिवसभर घाबरट लोकांना घाट चढवणारी बाई ती. तिने होडी वळवली, तीही अगदी सफाईने, आणि तळ्यात जो एक सपाट खडक वर आलेला आहे त्याला नेऊन टेकवली.

"उतरा."

"इथे?"

"एकटं बसायचंय ना? आधी उजवा पाय. गळ घ्या, आमिषाचा डबा घ्या, पाण्याची बाटली घ्या. दुपारी न्यायला येते." आणि ती गेली. एकटी, निळ्या होडीतून, लव्हाळ्यांना वळसा घालून, दिसेनाशी.

दीर खडकावर उभा होता, पार्सल चुकीच्या पत्त्यावर उतरवावं तसा. मग बसला. मग त्याने गळ टाकला. काठावरून मला त्याची नुसती पाठ दिसत होती, पण ती पाठ हळूहळू सैल होत गेली.

तेव्हापासून असंच चालतं. आता तळ्यावरच्या मासेमारी मंडळातले निम्मे लोक जावेकडे वल्हं मारायला शिकतात, कारण मंडळाचे अध्यक्ष स्वतः लव्हाळ्यात अडकले होते आणि तिने त्यांना नुसत्या तोंडाने बाहेर काढलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्याशी आठवडाभर कुणी धड बोलत नाही, त्यामुळे रविवारी त्यांना गप्पांची फार भूक असते.

दिराला मी विचारलं, "काय रे, खूष ना?"

"खडक हलत नाही, वहिनी," तो म्हणाला. "मासा लागला तरी कुठे नेत नाही." मग थोड्या वेळाने, "पण ठीक आहे." त्याच्या तोंडचं हे 'ठीक आहे' मला निळ्या होडीपुढच्या 'छान आहे'पेक्षा पुष्कळ बरं वाटलं.

परवा काठावर सगळे चहा पीत होते, माहेरी आलेली लेकही. डॉक्टर दिराच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "साहेब, तुमची तिथे मजा दिसते. जागा दोघांना सहज पुरेल, नाही?"

दिराने आधी आजूबाजूला बघितलं. लेक ऐकत होती, जाऊ ऐकत होती.

"कसली मजा," तो कपाळाला आठी घालून म्हणाला. "खडक टोचतो. ऊन डोक्यावर. डास तर विचारू नका."

"अरेरे," डॉक्टर म्हणाले आणि हात काढून घेतला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मला नेशील का रे एकदा? खुर्ची माझी मी आणते."

तो माझ्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला डोळ्याला डोळा भिडवून, खणखणीत आवाजात थाप मारली.

"वहिनी, तिथे साप आहेत."