मागची जीप दिसेपर्यंत

गाड्यांच्या सीटना कव्हर शिवणं हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या भिंतीला रेक्झिनचे गठ्ठे उभे लावलेले, मध्ये जड शिलाई मशीन, आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा असा वास की गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं. त्याला ते बरंच वाटायचं. रेक्झिनवर खडूची रेघ मारली की तो पुन्हा मोजायचा, आणि कात्री उचलून झाल्यावर आणखी एकदा. धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, स्वर्गाचं दार उघडलं तरी तू आधी चौकट मोजत बसशील. तोवर ते बंद करून टाकतील."

सुट्टीला हाच माणूस डोंगरात जायचा. जीपवाल्यांचा एक कंपू होता. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, एक सिमेंटवाला होता, आणखी काही हौशी होते. ओढ्यात, चिखलात, दगडांत गाड्या घालायच्या आणि मग काढत बसायचं. त्याची बायको म्हणायची, "धड रस्ता सोडून खड्ड्यात जायचं, आणि खड्ड्यातून निघालो म्हणून छाती फुगवायची." त्याची जीप कायम शेवटी असायची. तिच्या पुढच्या बंपरवर विंच होता, म्हणजे पोलादी दोर गुंडाळून घेणारं मोटरचं रीळ. कुणी अडकलं की हा मागून यायचा, सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब हाकलायचा, दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर जाड घोंगडी टाकायचा, आणि मग बटण दाबायचा. दाबण्याआधी दहा वेळा म्हणायचा, "थांबा." कंपूत त्याला ब्रेकमास्तर म्हणत.

त्याचा एक नियम होता. प्रत्येक वळणावर थांबायचं, मागची जीप आरशात दिसेपर्यंत. ती दिसली की मगच पुढे. त्यामुळे कुणी मागे राहत नाही. हा नियम सगळे ऐकून घेत आणि भूक लागली की विसरत. मनापासून पाळायचा तो एकटा धाकटा भाऊ. त्याने नुकतीच जुनी जीप घेतली होती आणि तिच्या सीट दादाने स्वतः शिवून दिल्या होत्या.

त्या दिवशी डॉक्टर सर्वांत पुढे होता. त्याने नवा विंच बसवला होता, त्याची ऐट होती. जेवणाची जागा डोंगरापलीकडे होती, म्हणून पुढचे सगळे सुसाट निघून गेले. धाकटा मात्र वळणावर थांबला. दादाची रुंद जीप वळताना अडू नये म्हणून त्याने आपली गाडी वाटेच्या बाहेरच्या कडेला घेतली. कड आतून पोखरलेली होती. दादा वळणावर आला तेव्हा वाट अर्धी तुटलेली होती आणि भावाची जीप उतारावर, नाक खाली करून, एका झाडाच्या बुंध्याला पोट टेकून कलंडली होती.

शेजारी बसलेली भावाची बायको वरच्या दारातून बाहेर पडली. ती उतरताना जीप कण्हली आणि वीतभर खाली सरकली. भाऊ आतच राहिला. पुढचा पत्रा आत दबला होता आणि त्याचं पाऊल पेडलखाली अडकलं होतं.

दादा पोटावर सरपटत खाली गेला, भावाच्या जीपच्या मागच्या हुकात दोर अडकवून वर आला, आणि दोर ताणला जाईल इतकाच गुंडाळला. जीप खाली जाणार नव्हती. पण वरही घेता येत नव्हती. मागून ओढलं तर ती बुंध्याभोवती फिरेल, नाक सुटेल आणि उलटी होईल, असं त्याला दिसत होतं. नाकाला बाजूने दुसरा दोर हवा होता. तो बांधायचा तर तुटक्या वाटेच्या पलीकडे गाडी हवी, आणि पलीकडच्या गाड्या डोंगराआड जेवायला बसल्या होत्या. वॉकीटॉकीवर नुसती खरखर होती.

सिमेंटवाला त्या दिवशी दादाच्याच जीपमध्ये बसून आला होता. तो म्हणाला, "अरे ओढ की! तुझा विंच हत्तीला ओढेल."

"हत्ती पाय रोवून उभा राहतो. ही फिरेल."

"फिरेलच कशावरून?"

"तू जा, डॉक्टरला घेऊन ये."

सिमेंटवाल्याने आपल्या पोटाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. "मी? बरं. मी पोचेपर्यंत त्यांचं रात्रीचं जेवण व्हायचं." पण गेला. तुटलेल्या जागेच्या वरून, हातापायांवर रांगत गेला.

मग काहीच करायचं उरलं नाही. दादाच्या हातात विंचचं बटण होतं. दोरावरची घोंगडी वाऱ्याने हलत होती. खाली जीपमधून भावाचा आवाज येत होता.

"दादा, सीट मस्त शिवलीयेस. इतका उलटा झालो तरी एक टाका उसवला नाही."

"बोलू नको. हलू नको."

"बोललो तर गाडी हलते का?"

भावाची बायको दगडावर बसली होती. तिच्या कोपरातून रक्त येत होतं, ते तिला माहीत नव्हतं. ती मध्येच उठायची, वाटेच्या कडेपर्यंत जायची आणि दादा "मागे हो" म्हणाला की परत येऊन बसायची. सावल्या दगडांच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. भावाचे विनोद आटले. त्याने पाणी मागितलं. ते देता येत नव्हतं. दादाने बाटली दोरीने खाली सोडून पाहिली, ती काचेशी टेकून लोंबत राहिली आणि भावाचा हात काही तिच्यापर्यंत पोचला नाही.

"मघाशी पाय दुखत होता," भाऊ म्हणाला. "आता दुखत नाहीये."

ती ताडकन उठली. "भावजी, ओढा."

"थोडं थांब."

"किती? तो म्हणतोय पाय दुखत नाही. तुम्हाला कळतंय का, दुखत नाही म्हणजे काय?"

"कळतंय."

"मग ओढा ना! हळू ओढा. थोडं ओढून बघा."

थोडं ओढून बघता येत नाही, हे त्याला सांगायचं होतं. फिरायला लागलेली जीप परत ठेवता येत नाही. अंगठा बटणावर होता. तो त्याने काढून खिशात घातला, आपलाच अंगठा आपल्याला न विचारता काही करेल अशी भीती वाटल्यासारखा.

मग खालून आवाज आला, लहान झालेला. "दादा. ओढ. मी सांगतोय ना. काय व्हायचं ते होऊ दे."

"थांब, छोट्या."

दादा हाका मारत राहिला. भाऊ नुसतं "हं" म्हणायचा. तेवढ्यावर दादा उभा होता.

डॉक्टरची जीप पलीकडे आली तेव्हा ऊन वाटेवरून निघून गेलं होतं. सगळे धावत होते, ओरडत होते. दादाने त्यांना लांब उभं केलं. बाजूचा दोर नाकाला लागला. त्याने बटण दाबलं. रीळ गुरगुरलं, जीपचा पत्रा बुंध्यावर करकरला आणि जीप सरळ मागे आली. फिरली नाही. नुसती आली, ओढल्या दिशेने, मुकाट.

बाजूचा दोर शेवटपर्यंत ताणलाच नाही. उतारावर तो मधोमध झोका घेतल्यासारखा लोंबत राहिला. दादाने ते पाहिलं. भावाच्या बायकोनेही पाहिलं.

"दुसरा दोर होता म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाला. मग तो दोर गुंडाळायला लागला.

पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वरून कापावं लागलं. कंपूतले एकेक जण येऊन दादाच्या पाठीवर हात ठेवून गेले. "तू केलंस ते बरोबर केलंस," म्हणाले. तो दुकानात जाऊन बसायचा आणि एकच रेघ पुसून पुन्हा मारायचा. बायकोने ताट पुढे ठेवलं की जेवायचा. काय जेवला हे विचारलं तर सांगता येत नसे.

एका दुपारी तो दवाखान्यात गेला. भाऊ उशीला टेकून बसला होता. पांघरुणाचा उंचवटा एका बाजूला लवकर संपत होता. भावाची बायको खिडकीशी टॉवेलाची घडी घालत होती.

"बरं झालं आलास," भाऊ म्हणाला. "दादा, तेव्हा ओढली असतीस तर मी खाली गेलो असतो. हो ना?" हे तो दादाकडे बघून बोलत नव्हता. खिडकीकडे बघत होता. "सांग ना हिला."

दादा पलंगाचा गज धरून उभा राहिला. जीप सरळ वर येताना त्याला दिसत होती, आणि तो लोंबता दोर. सावल्या सरकण्याआधी, पाय दुखत असतानाच बटण दाबलं असतं तर तीच जीप तशीच आली असती का? की दुसऱ्या दोराशिवाय पहिल्याच हिसक्याला उलटली असती? त्याने हे इतक्यांदा मोजलं होतं की आता कुठलंच माप राहिलं नव्हतं.

"मला तसं वाटलं होतं," तो म्हणाला.

टॉवेलाची घडी थांबली. "वाटलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही. मग तिने थर्मास उचलला. "चहा आणते, भावजी. बसा." आणि ती जिना उतरून गेली.

भावाने डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाला, "हो म्हणायला काय जात होतं रे तुझं?"

दादा स्टुलावर बसला. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं, तो आवाज तो ऐकत राहिला.