समुद्रासाठी वर झालेले हात

आमच्या शहरापासून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरी त्याचं संरक्षित क्षेत्र वाढावं, म्हणून इथल्या पर्यावरण संस्थांचा पाठिंबा मिळवायचं काम मी अंगावर घेतलं. अवघड नव्हतं. टेकडीवर झाडं लावणारे, नाला उपसणारे, धरणावर पक्षी मोजणारे, सगळ्यांकडं मी राबलेलो. आमच्यात रीतच आहे, जो आपल्या कामाला घमेलं उचलतो त्याच्या ठरावाला हात वर करायचा. चौकशा करायच्या नाहीत.

मुकुंदवाडीत बैठक झाली. नाल्याचं काम बघणाऱ्या ताईंनी तेवढं विचारलं, "तिथल्या कोळ्यांशी बोललास ना रे?"

"हो ताई, झालंय."

झालं नव्हतं. त्यांच्या संघटनेचा नंबर होता, फोन केला नव्हता. ते नको म्हणाले तर, ही भीती.

"मग झालं की," पक्षीवाला म्हणाला. "हा आपल्या नाल्यात कमरेएवढा उतरला. आपण याच्या समुद्रात उतरू. पोहता कुणाला येतंय?"

सगळे हसले. हात वर झाले.

माझा मामा धरणात मासे धरायचा. पाखरांसाठी पाणी राखीव झालं, ते त्याला काठावर गेल्यावर कळलं. अजून म्हणतो, "पाखरांना इचारलं आसंल, आमाला नाय इचारलं." हे ऐकत मोठा झालेला माणूस मी. आणि समुद्र वाचायला पाहिजे, हेही मला मनापासून वाटतं. खरं सांगावं तर ठराव मोडणार, गप्प बसावं तर मामाचं तोंड समोर येणार. ठरावाचं निवेदन सरकारकडं जायचा दिवस जवळ आला.

शेवटी गुलमंडीच्या मागं ताईंच्या घरी गेलो. त्या मेथी निवडत होत्या.

"ताई, मी कोळ्यांशी बोललोच नाय."

त्यांनी काड्या बाजूला केल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझा हात मी खाली घेतला," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचे तू जाऊन खाली घे. आणि आधी तो फोन कर."

त्यांच्या जिन्यातच फोन लावला. पलीकडं एक बाई होती. कुठून बोलताय, म्हणाली. मी शहराचं नाव सांगितलं.

"तिथं कुठला समुद्र?" ती म्हणाली. आणि मग, "बोला. ऐकतेय."

तिचं सगळं ऐकून घ्यायला बराच वेळ लागला. तिथून पक्षीवाल्याच्या दारात गेलो. दुर्बीण पुसत बसला होता.

"या समुद्रवाले," तो हसत म्हणाला. "आता कशाला हात वर करायचाय?"